पाच पिंड माती : जलाशयाचे ऋण कोणाचे?

करवीर क्षेत्री श्री महालक्ष्मीचे दर्शन घेऊन आणि नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करून परतणाऱ्या अनेक यात्रेकरूंची पावले हुपरीकडे वळतात. ग्रामदेवता अंबाबाईच्या चरणी माथा टेकवावा, लेकीसुनांसाठी पैंजण, मासोळ्या, करदोरा असा काही जिन्नस घ्यावा आणि मग घरचा रस्ता धरावा, असा पुष्कळांचा परिपाठ आहे. या रौप्यनगरीत ‘शुद्ध’ हा शब्द फार जपून उच्चारला जातो. कोणी शुद्ध म्हटल्याने चांदी शुद्ध ठरत नाही. तिचा टंच काढावा लागतो. मुशीत टाकणखार घालून ती आटवली की मळी वर येते, ती बाजूला सारावी लागते. कारखान्यातील केरसुद्धा येथे कोणी सहज फेकून देत नाही. झारेकरी तो धुतो, गाळतो आणि त्यातले चांदीचे कण परत मिळवतो.

धातूच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा मनुष्य पाण्यापाशी येताच मात्र निराळे तर्कशास्त्र वापरतो. गंगा, कृष्णा, पंचगंगा किंवा देवळाच्या दारातले तळे यांना पवित्र म्हटले की त्यांचा टंच काढण्याची त्याला गरज वाटत नाही. जे पवित्र आहे ते मलिन कसे होईल, अशी त्याची समजूत असते. या समजुतीत श्रद्धा किती आणि सोय किती, हा प्रश्न प्रत्येक तीर्थयात्रेशी निगडित आहे.

धर्मशास्त्राने या बाबतीत अशी सोय ठेवलेली दिसत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा अमंगल पदार्थांनी माखलेली वस्तू टाकण्यास स्पष्ट निषेध आहे. पाणी आपोआप शुद्ध राहते अशीच शास्त्रकारांची धारणा असती, तर या निषेधाचे प्रयोजनच उरले नसते. पाणी मळते, आणि ते मळवणारा मनुष्यच असतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन गोष्टी पुढे वेगळ्या पडल्या, हा नंतरच्या काळाचा दोष म्हणावा लागेल.

ही फारकत किती टोकाला गेली होती, याची साक्ष महाराष्ट्रातील एका तळ्यानेच दिली आहे. दि. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहस्रावधी अनुयायांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले म्हटले गेलेले पाणी वस्तुतः या घागरींनीच गढूळ झाले. तळे सर्वांस खुले असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. या घटनेच्या सात वर्षे आधी, १९२० च्या मार्चमध्ये, हुपरीच्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे राजर्षी शाहू छत्रपतींनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले होते, हे येथे येणाऱ्या यात्रेकरूने आवर्जून स्मरावे. पाण्याची शुद्धता त्याला कोण शिवले यावरून मोजायची की त्यात काय पडले यावरून, हा प्रश्न त्या तळ्याच्या काठी अगदी उघडा झाला.

त्यात काय पडते याचा हिशेब न ठेवल्यास काय होते, हे याच परिसराने २०१२ साली पाहिले. हुपरीपासून जवळच असलेल्या इचलकरंजी शहरात त्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. मैला मिसळलेल्या पाण्यातून फैलावणाऱ्या हेपॅटायटिस ई या विषाणूची ती साथ होती. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. ज्या नदीच्या नावात पाच गंगा आहेत, तिच्या खोऱ्यात ही गोष्ट घडली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या पाच प्रवाहांचे पावित्र्य नळातून येणाऱ्या रोगाला अडवू शकले नाही. अडवावे अशी अपेक्षा करणे हाच मुळात त्या पावित्र्याचा अवमान आहे.

येथपर्यंतचा विचार फारसा कठीण नाही. बहुतेक भाविक तो मान्य करतील. पाणी स्वच्छ राखण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र कठीण आहे.

या संदर्भात याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातील एक लहानसा नियम लक्षात घेण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करायचे असेल, तर आधी त्यातून मातीचे पाच पिंड, म्हणजे तळाच्या चिखलाचे पाच गोळे बाहेर काढावेत आणि मगच स्नान करावे, असा तो नियम आहे. यामागचे कारण पाप-पुण्याच्या भाषेत सांगितलेले आहे. परक्याच्या तळ्यात स्नान करणाऱ्याला तळे बांधणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो, असे मनुस्मृती म्हणते. स्मृतिकारांच्या मनात गाळ काढण्याची योजना होती असा दावा करणे योग्य होणार नाही. परंतु हेतू काहीही असो, पाच गोळे बाहेर येतात हे खरे. एखाद्या तळ्यावर नित्य शंभर माणसे स्नानास येत असतील, तर रोज पाचशे गोळे काठावर जमा होतील. पाणी घेणाऱ्याने पाण्याला काहीतरी देऊन मगच पाण्यात उतरावे, हा त्यातला व्यवहार अत्यंत सरळ आहे.

मात्र या नियमाला एक अपवाद आहे, आणि खरी अडचण त्या अपवादातच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता. करवीरच्या भूमीला तो फार दूरचा नव्हे. तो सांगतो की, हा नियम जो जलाशय सर्व प्राणिमात्रांसाठी अर्पण केलेला नाही त्यापुरता आहे. स्वतःच्या, मालकाने अनुज्ञा दिलेल्या किंवा विधिपूर्वक उत्सर्ग केलेल्या तळ्यात पिंड न काढताही स्नान करता येते. तळे किंवा विहीर बांधून झाल्यावर यजमानाने तिचे पाणी सर्व भूतांना अर्पण करावे आणि त्यावरचे आपले स्वामित्व सोडावे, असा उत्सर्गाचा विधी होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचे विस्तृत विवेचन आहे. तळ्याचा कर्ता त्यानंतर मालक उरत नसे. गाय, पक्षी, मासा, वाटसरू हे सगळेच त्या पाण्याचे हक्कदार होत.

मानवी औदार्याचा याहून मोठा आविष्कार क्वचितच आढळेल. पण त्यातून एक विलक्षण पेच निर्माण होतो. एकाच्या मालकीच्या तळ्यात उतरणाऱ्यावर पाच पिंडांचे ऋण आहे. सर्वांच्या तळ्यात उतरणाऱ्यावर कसलेच नाही. म्हणजे जे सर्वांचे झाले ते कोणाच्याच कर्तव्याचे राहिले नाही. प्राचीन काळी ही सूट चालून गेली, कारण गाळ काढणारे हात अन्यत्र होते. राजा होता, गावकी होती, देवस्थानची इनामे होती, पाळीपाळीने श्रमदान करण्याची रीत होती. ती व्यवस्था मोडली तरी सूट मात्र शिल्लक राहिली. सार्वजनिक तळ्यात हवे ते टाकणारा आजचा नागरिक नकळत त्या जुन्या सवलतीचाच लाभ घेत असतो.

विदर्भातील झाडीपट्टीचा इतिहास याच पेचाचे उदाहरण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने आपल्या पिढीजात जलज्ञानाच्या बळावर ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्याच परंपरेतला. पुढे मालगुजारांच्या देखरेखीखाली गाव मिळून पाळ दुरुस्त करी, पाट साफ करी, गाळ उपसून शेतात नेई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जमीनदारीचा अन्याय संपला हे योग्यच झाले. तलाव शासनाकडे गेले, गावकऱ्यांचे पाण्यावरचे पारंपरिक हक्क कायम राहिले, पण तळ्याची निगा राखण्याची जुनी घडी विसकटली. हक्क आणि कर्तव्य ही जुळी भावंडे असतात असे म्हणतात. येथे त्यांतले एकच जगले. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी भरून गेले. अलीकडे तेथील ढिवर मच्छीमारांच्या काही संस्थांनी तळ्यातली परकी झुडपे उपटून पूर्वीच्या जलवनस्पती पुन्हा लावण्याचे काम आरंभले, आणि देशी मासे, पक्षी परतू लागले. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते, त्यांनीच प्रथम पिंड उचलले हे स्वाभाविक होते.

कोल्हापुरात मात्र पोटाचा असा थेट संबंध नळ आल्यावर सुटला. हे नगर एकेकाळी तळ्यांचे होते. रंकाळा, पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा ही नावेच त्याची साक्ष देतात; शिवाय कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ अशी तीर्थे होती. त्यांतील कपिलतीर्थाच्या जागी आज भाजीमंडई आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, आणि पावसाळ्यात त्या मैदानात गुडघाभर पाणी साचले की शहर तक्रार करते. वरुणाचे नाव असलेल्या जागी पाणी आले याचे आश्चर्य वाटण्याचे वास्तविक कारण नाही. सखल पाणथळ जागा पावसाचे पाणी धरून ठेवतात, जमिनीत मुरवतात, पुराचा जोर थोडा ओसरवतात; ती जागा बुजवली तरी उताराची दिशा बदलत नाही. सार्वजनिक तळी ही समाजाची ठेव असून ती कोणाला घरासाठी वा अन्य कामासाठी वाटून देता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी प्रकरणात निक्षून सांगितले. तोवर अनेक गावांची तळी सातबाऱ्यावरून आणि स्मरणातूनही पुसली गेली होती.

रंकाळा वाचला. प्राचीन दगडखाणीत पाणी साठून तो निर्माण झाला, असे परंपरा सांगते. पाण्यातला संध्यामठ आणि काठावरचा शालिनी पॅलेस पाहण्यासाठी यात्रेकरू आजही सायंकाळी तेथे जातात. पण वाचणे आणि जिवंत राहणे यांत अंतर आहे. भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी नाल्यांतून तळ्यात येत राहिले. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद ही शेवाळाची व जलपर्णीची खते होत. ती माजली, मेली, कुजली. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला आणि मासे तडफडून वर आले. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, सांडपाणी वळवण्याची कामे झाली. तरीही पाणी हिरवे पडण्याचे प्रसंग पुढे येतच राहिले.

येथे दानशूरांनी क्षणभर थांबून विचार करावा असा एक मुद्दा आहे. तळ्याचे सुशोभीकरण आणि तळ्याचे पुनरुज्जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठ फरसबंद करणे, दिवे लावणे, कारंजे बसवणे ही कामे डोळ्यांना दिसतात आणि त्यांवर दात्याच्या नावाची शिला बसवता येते. तळ्यात येणारा नाला रोखणे, गाळ काढणे, काठच्या चिखलात पाणकणीस आणि लव्हाळे वाढू देणे ही कामे दिसत नाहीत. उलट लव्हाळ्यांचा काठ पाहुण्याला अस्वच्छच वाटतो. पण पाण्यातली पोषकद्रव्ये शोषून घेणारी, माशांच्या पिलांना आसरा देणारी आणि पाणकोंबडीला घरटे देणारी जागा तीच असते. चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत घातलेले तळे दिसायला नीटनेटके असते, परंतु ते तळ्याऐवजी हौद झालेले असते. सर्व भूतांना अर्पण केलेल्या पाण्यात भूतांनाच प्रवेश नसेल, तर तो उत्सर्ग कसला? जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून अधिक आहे, असे सांगणारी वचने आपल्या परंपरेत आहेत. त्यांचा अर्थ देऊळ आणि घाट यांच्यापुरता मर्यादित करण्याचे कारण दिसत नाही. नाव नसलेल्या गाळउपशाला देणगी देणे हे मात्र कठीण दान आहे, हे मान्य केले पाहिजे. कारण त्यात दात्याला काहीच परत मिळत नाही.

यावर भाविकाचा एक आक्षेप असतो, आणि तो वावगा नाही. एका ओंजळीच्या निर्माल्याने, एका लहान मूर्तीने, पिठाच्या एका दिव्याने नदी किंवा तळे मरत नाही. मारतात ती शहरांची गटारे आणि उद्योगांचे नाले, मग उपदेश मात्र यात्रेकरूला का? तुलना केली तर आक्षेप खरा ठरतो. शहराच्या सांडपाण्यापुढे निर्माल्याचा वाटा अल्प आहे, आणि केवळ भक्ताला दोषी धरून महानगरांना मोकळे सोडणे हा अन्याय होय. परंतु कर्तव्याचे माप वाट्याच्या आकारावरून ठरत नसते. चांदीच्या कारागिराच्या हातून उडणारा कण गुंजभरही नसतो, तरी तो केरासोबत रस्त्यावर फेकत नाही. शिवाय भाविकाचा वाटा लहान असला तरी तो पूर्णतः त्याच्या हातात आहे, गटाराचा नाही. आणि गटाराबद्दल नगरपालिकेस जाब विचारण्याचा नैतिक अधिकार, ज्याने स्वतःचे निर्माल्य पाण्यात टाकले नाही, त्यालाच अधिक शोभतो.

कोल्हापूरकरांनी या दिशेने पावले टाकली आहेत, हे सांगताना संकोचाचे कारण नाही. गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची चळवळ या जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजत गेली. आरंभी तिला विरोध झाला. आज शहरातील असंख्य कुटुंबे मूर्ती काहिलीत वा कुंडात विसर्जित करतात, आणि मोठ्या मंडळांच्या मूर्तींसाठी रंकाळ्याजवळची इराणी खण वापरली जाते. विसर्जनाचा विधी त्याने उणा झाला, असे कोणाच्या अनुभवास आलेले नाही. विसर्जन म्हणजे देवतेला निरोप. देवतेच्या वाटेवर जिप्सम आणि रंग पसरणे हा त्याचा भाग कधीच नव्हता.

गाळाच्या बाबतीतही पाच पिंडांना समांतर असा एक उपक्रम महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने सुरू केला. तलावातला गाळ उपसायचा आणि शेतकऱ्याने तो वाहून आपल्या रानात पसरायचा, अशी ती योजना. तळ्याची खोली वाढते आणि माळरानाला काळी माती मिळते. जुन्या गावकीला हे नवे नव्हते. तिला फक्त योजनेचे नाव नव्हते.

तळे बुजवणारा हात प्रत्येक वेळी परक्याचा असतो असेही नाही. श्री महालक्ष्मी मंदिराच्या आवारात, काशीच्या मणिकर्णिकेचे नाव धारण करणारे एक कुंड होते. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या क्षेत्राला ते शोभणारेच होते. विसाव्या शतकात त्यात भर घालण्यात आली, वर बाग झाली. कित्येक वर्षे लक्षावधी भाविक त्या जागेवरून दर्शनाला गेले आणि आपल्या पायाखाली तीर्थ आहे याची त्यांतील बहुतेकांना कल्पनाही नव्हती. २०२० च्या सुमारास हे कुंड पुन्हा मोकळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. भराव दूर होत गेला तशा दगडी पायऱ्या एकेक करून उजेडात आल्या. मातीत भाविकांनी कधीकाळी पाण्यात टाकलेली नाणीही सापडली. ज्यांनी ती टाकली असतील, त्यांनी स्नानापूर्वी पाच गोळे माती काढली होती की नाही, हे आता कोणाला कळणार नाही. एवढे मात्र दिसले की, पाच गोळ्यांनी भागेल असे ते काम राहिले नव्हते.